पिवळ्या रंगाची साक्ष

खारदांड्याच्या कोळीवाड्यात सुका बोंबील हाती येताच जाणती कोळीण त्याचा रंग, वास आणि कडकपणा यांवरून जसा तत्काळ निकाल देते, तशीच ग्रॅफाइट ऑक्साइड या प्रयोगशाळेत जन्मलेल्या पदार्थाची पारखही प्रथम डोळ्यांनीच झाली.

1859 साली बेंजामिन ब्रोडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ग्रॅफाइटाची पूड पोटॅशियम क्लोरेट व धूमायमान नायट्रिक आम्ल यांच्या मिश्रणात 60 अंश उष्णतेवर तीनचार दिवस ठेवावी, धुवावी, वाळवावी आणि पुन्हा तीच क्रिया करावी, असा क्रम पदार्थात आणखी काही फेरफार होईनासा होईपर्यंत नेटाने चालविला, तेव्हा त्याच्या हाती फिकट पिवळे, चकचकीत कण आले. त्यांत कार्बन शेकडा 61.04, हायड्रोजन 1.85 व प्राणवायू 37.11 असल्याची नोंद त्याने केली. त्यावरून ग्रॅफाइटाचा अणुभार 33 असल्याचे जे अनुमान त्याने काढले ते टिकले नाही. पृथक्करणाचा तो तपशील मात्र आजही दाखल्यादाखल पुढे केला जातो, आणि सच्च्या प्रयोगाची थोरवी मला यातच दिसते.

मुंबईची आयआयटी ज्या 1958 साली स्थापन झाली, त्याच वर्षी अमेरिकेत हमर्स व ऑफमन यांनी गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट यांच्या साहाय्याने हेच काम दोन तासांच्या आत उरकणारी कृती प्रसिद्ध केली. चांगला माल तेजस्वी पिवळा, निकृष्ट माल हिरवट ते काळा, ही रंगाची साक्ष त्यांनीही ग्राह्य धरली. परंतु तिच्या जोडीला कार्बन व प्राणवायू यांच्या अणूंचे गुणोत्तर 2.1 ते 2.9 यांच्या दरम्यान असावे, ही अंकांची कसोटीही लावली.

क्ष-किरणांची साक्ष याहून सूक्ष्म आहे. ग्रॅफाइटाच्या थरांमधील 3.35 अँगस्ट्रॉमचे अंतर ऑक्साइडात दुपटीच्या आसपास जाते. तांब्याच्या क्ष-किरणांखाली 26.5 अंशांवरील शिखर मावळून 10-11 अंशांच्या सुमारास नवे उगवते, आणि जुन्याचा अवशेष दिसला तर कच्चे ग्रॅफाइट उरले, असे खुशाल समजावे. तथापि हे अंतर स्थिर नसते. पदार्थ हवेतील ओल शोषून फुगतो, म्हणून कोरड्या स्थितीतील सुमारे 6 अँगस्ट्रॉमचे अंतर भिजल्यावर 12 पर्यंतही वाढते. तेव्हा खारदांड्यासारख्या समुद्रकाठच्या हवेत आषाढात मोजलेला नमुना आणि माघात मोजलेला नमुना यांचे आकडे आर्द्रतेची नोंद नसताना एकाच दप्तरात शेजारी मांडणे मला सर्वथा अमान्य आहे.