बारा वर्षांचा श्रीपाद आणि जालन्याजवळचं बेथेल



आपल्या छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला निघालं की चिकलठाणा, शेंद्रा, करमाड, बदनापूर. तास-सव्वा तासाचा रस्ता. मी कॉलेजपासून या रस्त्यानं शेकडो वेळा गेलोय. जालना म्हटलं की मला स्टील, मोसंबी आणि बी-बियाण्यांच्या कंपन्या एवढंच आठवायचं. पण दीडशे वर्षांपूर्वी याच जालन्याला लागून एक अख्खं नवं गाव वसवलं गेलं होतं, बेथेल नावाचं. बायबलमधला शब्द आहे, अर्थ 'देवाचं घर'. ते वसवणारा माणूस गोरा साहेब नव्हता. तो मराठी बोलणारा, डोक्याला पागोटं बांधणारा, ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस होता. नाव नारायण शेषाद्री.

मिशनरी, गरीब माणसं, धर्मांतर असा विषय निघाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दहा मिनिटांत दोन पार्ट्या. एक म्हणते, 'तांदळाची पोती दाखवून फसवलं.' दुसरी म्हणते, 'तुम्ही पाणी देत नव्हता, त्यांनी शाळा दिली.' आज मी कुठल्याच पार्टीची बाजू घेणार नाहीये. मला तिसऱ्याच माणसाबद्दल बोलायचंय: ज्याच्यावरून भांडण चाललंय त्या मुलाबद्दल.

सुरुवात मुंबईतून करू. 1839 साल. जॉन विल्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातला एक धनजीभाई नौरोजी. शहरात गदारोळ झाला, पालकांनी मुलं धडाधड शाळेतून काढली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. (म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात, दिल्लीच्या नाही.) कोर्टानं धनजीभाईला त्याच्या मर्जीप्रमाणे जाऊ दिलं. मुलगा कळत्या वयाचा आहे, त्याचं त्याला ठरवू द्या, असा त्याचा अर्थ.

चार वर्षांनी, 1843 मध्ये, त्याच मिशनच्या शाळेत शिकलेला विशीतला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपादही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. श्रीपाद तेव्हा बारा वर्षांच्या आसपासचा, म्हणजे आजचा सहावी-सातवीतला मुलगा. वडील कोर्टात गेले. या वेळी निकाल उलटा लागला. मुलगा अजाण आहे, त्याला बापाच्या ताब्यात द्या.

पण गोष्ट इथे संपत नाही बरं का. श्रीपाद घरी आला, तर समाज त्याला घ्यायला तयार नाही! मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांच्याकडे जेवला, म्हणजे बाटला. मग बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. होय, तेच 'दर्पण'वाले, मराठी पत्रकारितेचे जनक. त्यांचं म्हणणं, लहान मूल आहे, प्रायश्चित्त देऊन परत घ्या. कर्मठ मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका बारा वर्षांच्या पोराच्या शुद्धीवरून मुंबईतले शास्त्री-पंडित दोन गटांत भांडत राहिले.

आता गंमत बघा. मिशनरी म्हणतात मुलगा आमच्याकडे राहावा. बाप म्हणतो माझा आहे. कोर्ट बापाला देतं. शास्त्री म्हणतात आम्हाला नको. या सगळ्या आवाजात श्रीपादचा आवाज कुठे आहे?

हा प्रश्न लक्षात ठेवा. आपण आता जालन्याला येतोय.

1860 च्या दशकात नारायण शेषाद्री आपल्या भागात आले. आपण होतो निजामाच्या राज्यात. मनमाडहून आपल्याकडे येणारी रेल्वेसुद्धा 1900 च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे हा माणूस आला तेव्हा बैलगाडी नाहीतर घोडा. मग जालनाच का? एक कारण म्हणजे तिथे इंग्रजांची छावणी होती. भोवताली राज्य निजामाचं, पण छावणीच्या आसऱ्यानं मिशनला पाय रोवता यायचे. आपल्या शहरातही तेच झालं. इथल्या छावणीच्या आसपास चर्च मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, आणि ते वर्षानुवर्षं सांभाळणारे रतनजी नौरोजी हे मूळचे पारशी. म्हणजे मराठवाड्यात खेडोपाडी हिंडणारे हे दोन्ही मोठे मिशनरी गोरे नव्हतेच. पैसा बाहेरून यायचा, माणूस इथलाच.

शेषाद्रींकडे कोण आलं? ब्राह्मण जवळजवळ नाहीतच. आली ती मुख्यतः मांग, म्हणजे आजच्या भाषेत मातंग समाजाची कुटुंबं, आणि काही महार कुटुंबं.

का आली? आपल्यासारखे लोक इथे पटकन 'श्रद्धा' किंवा 'लालूच' असा एक शब्द टाकून मोकळे होतात. जरा थांबा, आणि त्या घरातल्या माणसाचा दिवस डोळ्यापुढे आणा. घर गावकुसाबाहेर. काम दोरखंड वळायचं, केरसुण्या बांधायच्या, लग्नात हलगी वाजवायची. मोबदला म्हणजे सुगीला मिळेल तेवढं धान्य, आणि त्यावर वेठ वेगळी. गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही. कोणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा घागर भरायची. पोरगं शाळेत जाईल हा विचारच नाही, कारण शाळा असली तरी ती त्याच्यासाठी नाही.

अशा माणसाला कोणी म्हणालं, की चल, जालन्याजवळ जमीन आहे, स्वतःची विहीर आहे, पोरांना शाळा आहे, आणि तुला 'इकडे बस' म्हणणारं कोणी आहे. तर तो काय करेल? शेषाद्रींनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली. तेव्हा दिवाण होते पहिले सालारजंग. त्या जमिनीवर बेथेल उभं राहिलं: चर्च, शाळा, विहिरी, शेती. त्यासाठी पैसे मागायला ते परदेशात फिरले. 1873 मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्ती पंथांची मोठी परिषद भरली, तिथेही जालन्याचा हा माणूस हजर होता.

याला लालूच म्हणायचं का? मी इंजिनिअर आहे, आम्ही याला इन्सेंटिव्ह म्हणतो. इन्सेंटिव्ह होता, नक्कीच होता. पण दर महिन्याला पॅकेज बघून कंपनी बदलणारे आपण, त्या माणसाला 'विहिरीसाठी धर्म बदलला' म्हणून हसणार असू, तर आपलंच काहीतरी चुकतंय. त्यानं हिशोब केला. हिशोब करणं म्हणजे फसणं नव्हे. आणि हिशोब करून 'नाही' म्हणणारेही ढीगभर होते. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास आहेत. दोनशे वर्षांच्या कामानंतर एक टक्का. म्हणजे बहुतेक गरिबांनी मिशनऱ्यांचं ऐकलं, कधी औषध घेतलं, कधी पोरगं शाळेत घातलं, आणि धर्म होता तोच ठेवला.

हे झालं मोठ्यांचं. लहानांचं काय?

आधी चांगली बाजू. बेथेलच्याही आधीची गोष्ट आहे, 1855 ची. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मांग मुलगी शिकत होती. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आमचा धर्म नेमका कोणता, असा सरळ सवाल तिनं त्यात केलाय. तो निबंध छापला कोणी? 'ज्ञानोदय'नं. 'ज्ञानोदय' हे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, 1842 मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेलं नियतकालिक. शाळा फुल्यांची, छापखाना मिशनचा, आवाज त्या मुलीचा. आणि जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नाहीत. सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, त्याही झाल्या नाहीत. मुलाच्या हातात एकदा अक्षर आलं, की ते देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणेच वापरलं जाईल याची गॅरंटी नसते.

आता दुसरी बाजू. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ नाही, असं कबूल करून. पुढे ते पुण्यात आलं आणि 1893 मध्ये बोभाटा झाला, की मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातायत. 'केसरी'नं झोडपलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली घरी नेल्या.

मग दुष्काळ आले. 1896-97 चा, आणि पाठोपाठ 1899-1900 चा भयंकर दुष्काळ. आपल्या मराठवाड्यानंही तो भोगला. रमाबाई दुष्काळी भागांत जाऊन मुली घेऊन आल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1900 पर्यंत दीड हजारांवर माणसं झाली. नगर भागातल्या मिशनच्या अनाथालयांतही मुलं भरली. त्या मुलांना अन्न मिळालं, अक्षर मिळालं, सुतारकाम, विणकाम, छपाई अशी हातात कला मिळाली. नसती आणली तर त्यातली कितीतरी मेली असती. हे आधी मान्य करा. पण ताट, शाळा आणि प्रार्थना एकाच छताखाली होती. तिथे सहा वर्षांची पोर 'मला प्रार्थना नको, फक्त भाकरी द्या' असं म्हणू शकत होती का?

आणि इथे मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. श्रीपादसाठी बाप कोर्टात गेला, शास्त्र्यांनी सभा घेतल्या. शारदा सदनातल्या मुलींसाठी वर्तमानपत्रं पेटली. का? त्या मुलांच्या मागे कोणीतरी होतं. जात होती, पैसा होता, वर्तमानपत्र होतं. दुष्काळात रस्त्याकडेला बसलेल्या पोरीसाठी, बेथेलच्या मातंग मुलांसाठी असा गदारोळ उठला नाही. त्यांचा धर्म गेला म्हणून ओरडणाऱ्यांनी, त्यांना पाणी मिळत नव्हतं तेव्हा सभा घेतली नव्हती. मूल कोणाचं आहे, यावर त्याच्या धर्माची किंमत ठरत होती.

बरं, धर्म बदलून जात गेली का? पूर्ण नाही. चर्चमध्येही कोण कुठल्या जातीतून आलं हे लोक विसरले नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर मिशनऱ्यांनाच सुनावलं आहे, की धर्मांतर केलंत, पण माणसाची सामाजिक स्थिती बदलण्याचं काम अर्धवट सोडलंत. 1950 मध्ये बाबासाहेबांनी आपल्या शहरात कॉलेज सुरू केलं, आजचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातून जाताना जरा विचार करा. तिथे शिकायला येणाऱ्या मुलाला कोणती प्रार्थना म्हणतोस असं विचारायचं नव्हतं. शिक्षणाला अट नाही. पुढे 1956 मध्ये त्यांनी धम्म स्वीकारला, तो स्वतः, उघडपणे, वर्षानुवर्षं अभ्यास करून.

आणि त्याच 1950 साली दुसरीही एक गोष्ट घडली. राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी आली, आणि हिंदू नसलेल्यांना तिच्यातून वगळलं गेलं. नंतर 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. केंद्रानं 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. म्हणजे पणजोबांनी 1870 मध्ये विहिरीपाशी बसून जो हिशोब केला, त्याचं बिल आज पणतूच्या ॲडमिशन फॉर्मवर येतं. जातीवरून घर नाकारणारा शेजारी धर्म विचारत नाही. फॉर्म मात्र विचारतो.

तर मंडळी, निष्कर्ष काय? 'मिशनरी चांगले की वाईट' याचं उत्तर मी देणार नाही, कारण तो प्रश्नच मोठ्या माणसांचा आहे. मी माझ्यापुरता एक साधा प्रश्न ठेवलाय. मुलांसाठी काम करणारी कुठलीही संस्था असो, चर्चची, मठाची, मदरशाची, शाखेची, नाहीतर कंपनीच्या सीएसआरची. त्या मुलाला 'नाही' म्हणता येतं का, आणि 'नाही' म्हटल्यावरही त्याचं ताट तिथेच राहतं का? उत्तर 'हो' असेल तर ती सेवा. नसेल तर तो सौदा, मग वर बोर्ड कुठलाही असो.

नारायण शेषाद्री 1891 मध्ये वारले. ज्याचा धाकटा भाऊ कोर्टानं हातातून काढून घेतला, त्या माणसानं पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांसाठी घातलं. त्यांना त्या पोरांकडे बघताना श्रीपाद आठवत असेल का? मला जालना रोडवर बदनापूर मागे पडलं की हल्ली हेच डोक्यात येतं.

तुमच्या गावाजवळ असं एखादं जुनं मिशन, शाळा किंवा दवाखाना असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या. काय सांगतात ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि फॉरवर्ड करण्याआधी एकदा पूर्ण ऐका!