फेऱ्यांचा काटा आणि दाबाचा काटा
1903 साली किटी हॉकला राइट बंधूंच्या विमानावर इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र होते. सुमारे 12 अश्वशक्तीच्या त्या इंजिनाची ताकद मात्र कोणताच काटा दाखवत नव्हता. छोट्या विमानांत पुढेही ती अनुमानानेच कळत आली, असे माझे मत आहे. प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन पक्का असेतोवर हे अनुमान भरवशाचे होते: ताकद घटली की फेरेही घटत. 1930च्या दशकात कोन आपोआप बदलून फेरे स्थिर ठेवणारे प्रॉपेलर आले आणि तो भरवसा गेला. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिन दमले, तरी फेऱ्यांचा काटा जागचा हलेना. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा दुसरा काटा त्यामुळे अपरिहार्य झाला.

मग हा दाब म्हणजेच ताकद, असे कोणी म्हणेल. पण समुद्रसपाटीवर इंजिन बंद असतानाही हा काटा सुमारे 30 इंच पारा दाखवतो, आणि ताकद असते शून्य! दोन्ही काटे एकत्रच वाचावे लागतात. फेरे कमी आणि दाब जास्त ठेवला की इंजिनाचा घात होतो, ही समजूतही वैमानिकांत घट्ट होती. 1944 मध्ये न्यू गिनीत चार्ल्स लिंडबर्ग यांनी लढाऊ वैमानिकांना मिनिटाला 1600 फेरे आणि चढा दाब ठेवून उडायला शिकवले. इंधन वाचले, पल्ला शेकडो मैलांनी वाढला आणि इंजिनेही शाबूत राहिली.