मुदतीचे वर्ष



वर्ष म्हणजे काय, हा प्रश्न आपण पंचांगकर्त्यांचा समजतो. वास्तविक तो धनको-ऋणकोंचा आणि न्यायाधीशाचाही आहे. वर्षाच्या मोजणीवर कित्येकांची जमीन राहिली किंवा गेली. तोच इतिहास आज थोडक्यात मांडावयाचा आहे.

मराठी दप्तरांत एकाच वेळी अनेक वर्षे नांदत होती. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस पालटे. १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू झाला. कारभारात शुहूर सन चाले. तो मृग नक्षत्रावर बदले, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. पिकाच्या हंगामाशी निगडित असा फसली सन तर निजामाच्या राज्यात विसाव्या शतकातही सरकारी कागदांवर होता. त्यातच चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, आणि अधिक मास आला की तेच ३८४ दिवसांच्या घरात जाते. मग रोख्यात ‘एक वर्षाची मुदत’ लिहिली, तर ते वर्ष कोणते धरावयाचे?

ब्रिटिश अमदानीत याचे एकच उत्तर ठरले. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने ‘वर्ष’ म्हणजे ब्रिटिश पंचांगाप्रमाणे मोजलेले वर्ष, अशी व्याख्या केली. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात तर उदाहरणच दिले होते : एखाद्या हिंदूने केवळ देशी मिती घालून चार महिन्यांच्या वायद्याची वचनचिठ्ठी लिहिली, तरी दाव्याची मुदत ग्रेगरियन गणनेने चार महिने संपल्यापासूनच धरावी. १९६३ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने हाच नियम कायम ठेवला.

राज्यकर्त्यांना स्वतःच्या देशातही असा पेच पडला होता. १७५२ साली इंग्लंडात २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. परंतु त्या अकरा दिवसांमुळे कोणाचा खंड आधी देय होऊ नये, कोणी आधी सज्ञान ठरू नये, अशी तजवीज कायद्यातच केलेली होती. दिवस गाळले, पण हक्क गाळले नाहीत.

दख्खनच्या शेतकऱ्यास मात्र निराळा अनुभव आला. व्याज साचत राहू नये या हेतूने १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्यांवरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. परिणाम उलटा झाला. तिसरे वर्ष सरत आले की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. जी मुदत कुळाचे रक्षण करावयाची, तीच दर तीन वर्षांनी त्याचे कर्ज फुगवू लागली. कापसाचे भाव उतरले, सारा वाढला, तशी ही कोंडी असह्य झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला. लोकांनी सावकारांच्या वह्या व रोखे हिसकावून जाळले. त्यांचा रोष कोठे होता, हे त्या जळत्या कागदांवरूनच कळते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मुदत वाढविण्यात आली.

त्याच १८७५ साली सज्ञानतेचा कायदा झाला. मुदतीच्या कायद्यात पहिला दिवस वगळतात. येथे जन्माचा दिवस पूर्ण धरतात, आणि अठराव्या वाढदिवसाच्या प्रारंभीच मनुष्य सज्ञान होतो. म्हणजे वर्ष तेच, पण मोजण्याची रीत हेतूप्रमाणे बदलते.

शाळेशी आपला संबंध येथेच येतो. पूर्वी पालकांना मुलाची तिथी आठवे, किंवा ‘प्लेगच्या साली झाला’ एवढेच ठाऊक असे. मग मास्तर जनरल रजिस्टरात एक तारीख लिहीत. पुष्कळदा ती १ जूनच असे. त्या एका ओळीवर पुढे नोकरी मिळे आणि निवृत्तीही ठरे. कालगणना आकाशातून येते खरी. परंतु तिचा न्याय किंवा अन्याय कागदावर लेखणी टेकविणाऱ्याच्या हाती असतो. ही जबाबदारी आपल्या गुरुजनांनी मुकाट्याने वाहिली, याचे स्मरण आज ठेवू या.