वैयक्तिक दस्तऐवज आणि समाजशास्त्र
पत्रे व आत्मवृत्ते यांना समाजशास्त्रात संशोधन-साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती विल्यम थॉमस व फ्लोरियन झ्नान्येत्स्की यांच्या पोलिश शेतकऱ्यांवरील पंचखंडात्मक ग्रंथामुळे (१९१८–२०). अमेरिकेतील पोलिश स्थलांतरित व मायदेशातील त्यांचे कुटुंबीय यांची शेकडो पत्रे त्यांनी अभ्यासली. एका स्थलांतरिताकडून आत्मचरित्र लिहवून घेऊन ते तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. सैल होत जाणारे कुटुंबबंध माणसाला आतून कसे जाणवतात, हे जनगणनेचे आकडे सांगत नाहीत, पत्रे सांगतात. मात्र हे सिद्धांत केवळ दस्तऐवजांतून निष्पन्न झालेले नाहीत व त्यांवरून निर्णायकपणे पडताळताही येत नाहीत, असा आक्षेप हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३९ मध्ये घेतला. जीवनकथा ही साक्ष होय, निवाडा नव्हे. म्हणूनच ती अन्य साधनांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.