बाजारबुणगे: फौजेतली बिनफौजी माणसं

आजचा भाग एका शब्दावर आहे, आणि थोडासा माझ्या चुकीवरही.

पानिपतावरचा आपला जुना भाग ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल, त्यात मी एक वाक्य अगदी सहज टाकून दिलं होतं: "बाजारबुणगे सोबत नसते तर भाऊ जिंकले असते." वाक्य माझं नव्हतं. शाळेत ऐकलं, व्याख्यानांत ऐकलं, तसंच पुढे ढकललं. दोन दिवसांनी एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, माझे वडील मांडव घालतात. तुमच्या त्या फौजेचे तंबू कोण ठोकत होतं?"

एवढंच. मी उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की ज्या शब्दाने मी हजारो माणसं एका फटक्यात उडवून लावली, तो शब्दच मला धड माहीत नाही.

आज आपण 'बाजारबुणगे' शिवीसारखा वापरतो. समोरच्या पक्षाचे कार्यकर्ते बाजारबुणगे, आपले ते मावळे! पण अठराव्या शतकातल्या कागदांत 'बुणगे' हा कामकाजाचा साधा शब्द आहे. त्याचं मूळ फारसी 'बुनगाह'. अर्थ सामानसुमान, सामान ठेवायची जागा, फौजेचा बोजा. (आजच्या इराणमध्ये जागा भाड्याने मिळवून देणाऱ्या एजंटाच्या दुकानालाही हाच शब्द चालतो. एकाच शब्दाची दोन मुलं अशी वेगळ्या वाटेला लागलीत.) मराठीत तो आधी सामानाला लागला आणि मग सामानाबरोबर चालणाऱ्या माणसांना. मला इथेच थबकायला झालं. तोफेचा गाडा, तंबूची कनात आणि ती कनात वाहणारा माणूस, तिघांना एकच नाव.

याच्या उलट शब्द 'सडी'. सडी फौज, सडी स्वारी, म्हणजे मागे लटांबर नाही, घोडा आणि स्वार एवढंच. आपल्या 'सडाफटिंग' मधला सडा तोच. मराठ्यांची ख्याती होती ती या सड्या स्वारीची. शिवाजी महाराजांच्या लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी न्यायला बंदी होती, हे सभासद बखर सांगते. भराभर जायचं, मारायचं, परतायचं. तिथे बुणग्यांना जागा कमीच.

मग १७६० साली एवढे बुणगे आले कुठून?

तर मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ पटदूरहून उत्तरेला निघाले तेव्हा ही जुन्या पद्धतीची स्वारी राहिलेलीच नव्हती. इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ होतं, जड तोफा होत्या. तोफ म्हटली की बैल आले, बैल म्हटला की चारा आला, गाडा मोडला की सुतार-लोहार हवा, रस्ता करायला बेलदार हवा. घोड्यांना मोतद्दार, पाण्याला पखालजी, धान्याला बैलांचे तांडे घेऊन चालणारे वंजारी. शिवाय वाणी, सराफ, तेली, न्हावी, वैदू, कारकून. छावणी पडली की बाजार भरायचा, छावणी उठली की बाजार उठायचा. 'बाजारबुणगे' मधला बाजार हा असा खराखुरा बाजार आहे, शिपायाला पगारातून पीठ-मीठ विकत घ्यायला लागायचं तो. पुढे दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला स्थिरावली तर तिचं शहरच झालं, आजही त्याचं नाव लष्कर!

आणि यात्रेकरूही होते, हे खरंच. एवढी फौज उत्तरेत चालली आहे, तिच्या आडोशाने तीर्थं घडतील, म्हणून बायकामाणसं, म्हातारी माणसं निघाली होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, विश्वासरावांच्या लक्ष्मीबाई होत्या. अठरा वर्षांचा एक कारकुनी घराण्यातला मुलगा आई आणि बायकोला घेऊन निघाला होता. त्याचं नाव बाळाजी जनार्दन. आपण त्याला नाना फडणीस म्हणून ओळखतो. आता सांगा, तो सडा की बुणगा? तलवारीवर पोट नसणारा, आईला तीर्थयात्रा घडवणारा तो मुलगा त्या हिशेबात बुणग्यांच्याच जवळचा. पण पुढे मोठा झाला, म्हणून त्याला तसं कुणी म्हणत नाही.

सूरजमल जाटाने भाऊंना सल्ला दिला होता, की जड सामान आणि बायकामुलं मागे सुरक्षित किल्ल्यात ठेवा आणि सडे होऊन लढा. भाऊंनी तो ऐकला नाही. सल्ला शहाणपणाचा होता असं मलाही वाटतं. तेव्हा बुणग्यांचा भार नव्हता असं मी म्हणत नाहीये. भार होता, आणि प्रचंड होता. फक्त, तो सोबत नेण्याचा निर्णय बुणग्यांचा नव्हता.

ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठे पानिपतला अडकले. दिल्लीकडची वाट तुटली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तेव्हा उरलीसुरली आशाही गेली. शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित म्हणून एक दक्षिणी गृहस्थ होता, त्याने हे सगळं शत्रूच्या गोटातून पाहून फारसीत लिहून ठेवलंय. तो सांगतो, एका रात्री छावणीतली माणसं लाकूडफाटा आणायला बाहेर पडली, मोठा जमाव होता, आणि अफगाण स्वारांनी ती कापून काढली. लाकडं आणायला सरदार जात नाहीत, मंडळी. अडीच महिने वेढ्यात ज्यांच्या चुली पेटत होत्या, त्यांची लाकडं कुणीतरी जिवावर उदार होऊन आणत होतं.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊ निघाले ते गोल बांधून. तोफा आणि गारदी पुढे, बाजूंना सरदार, आणि मध्ये-मागे बुणगे. असंच लढत लढत यमुनेकडे सरकायचं. म्हणजे त्या दिवसाची रचनाच मुळी न लढणाऱ्या माणसांना पोटात घेऊन बाहेर काढण्याची होती! ती मोडली, त्याचं खापर पुष्कळ जण विंचूरकर आणि गायकवाडांच्या स्वारांवर फोडतात, कारण ते गारद्यांच्या तोफांपुढे घोडी घालून रांग सोडून धावले. दुपारी विश्वासराव पडले, मग भाऊ दिसेनासे झाले, आणि गोल फुटला.

ज्यांच्याकडे घोडी होती, त्यातले बरेच निसटले. पायी चालणाऱ्यांचं काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी अफगाण छावणीत कैद्यांची कत्तल झाली, काशीराज चाळीस हजारांचा आकडा देतो. बायका-मुलं गुलाम म्हणून वाटली गेली. शुजाने काही हजारांना आपल्या गोटात आसरा दिला. नाना फडणीस वाचला, त्याची बायको वाचली, आई नाही.

पराभवाचा तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप तुम्हाला माहीत असेल. त्यात मोत्यांची मोजदाद आहे, मोहरांची आहे, आणि शेवटी रुपये-खुर्दा येतो, त्याची गणती होऊ शकत नव्हती. लहानपणी मी त्यातल्या मोत्यांवर हळहळायचो. आता तो खुर्दा टोचतो.

आज बातम्यांत आपण 'निःशस्त्र नागरिक' म्हणतो. हा शब्द आपल्याला फार उशिरा मिळाला. त्याआधीचा 'मुलकी' शब्द कारभाराला लागायचा, मुलकी खातं, मुलकी अंमल. जुन्या पुस्तकांतला 'सिव्हिलियन' तर चक्क आयसीएस साहेब असायचा! लढाईत सापडलेल्या साध्या माणसासाठी आपल्याकडे होता तो शब्द बुणगा. आणि तो सामानाचा होता.

त्या श्रोत्याला मी उशिरा उत्तर पाठवलं. लिहिलं, की तंबू ठोकणाऱ्यांना खलाशी म्हणत, आणि तुमच्या वडिलांचं काम त्या फौजेत रोज दोनदा व्हायचं, सकाळी उपटायचं, संध्याकाळी ठोकायचं. जुन्या भागातलं ते वाक्य मी कापून टाकलंय. त्याने अंगठ्याची इमोजी पाठवली आणि खाली विचारलं, "मग तंबू पानिपतातच राहिले का?"

हो रे बाबा. सगळे तिथेच राहिले.