विटी-दांडूतील टोला

टोला म्हणजे विटी-दांडू या खेळात जमिनीवरची विटी दांडूने उडवून ती हवेत असतानाच मारलेला फटका. हिंगोली जिल्ह्यासह संपूर्ण महाराष्ट्रात हा फटका मुले बहुधा मोठ्या भावंडांकडून शिकतात. याच कुळातील खेळ हिंदीभाषक प्रदेशात गिल्ली-डंडा, कन्नडमध्ये चिन्नी दांडू आणि तेलुगूत बिळ्ळंगोडू या नावांनी ओळखले जातात. तुकारामांच्या गाथेत विटूदांडू आणि चेंडूफळी या खेळांच्या मथळ्यांखाली अभंग आहेत. त्यावरून सतराव्या शतकातील मराठी समाजाला दोन्ही खेळ चांगले परिचित होते, हे दिसते.

साहित्य

दांडू हातभर किंवा त्याहून थोडा लांब असतो. विटी वीतभर किंवा त्याहून लहान, मध्ये जाड व दोन्ही टोकांना निमुळती असते. दोन्हींसाठी बाभळीसारखे कठीण लाकूड वापरतात. मराठवाड्यात बांधावरची बाभूळ सहज मिळते. लहान मुलाला मोठ्यांचा दांडू देणे ही नेहमीची चूक आहे. हात सरळ पुढे केल्यावर ज्याचे टोक खाली झुकत नाही, असा दांडू त्याच्यासाठी योग्य समजावा.

विटी उडते कशी

विटी जमिनीवर पडली की तिचा मधला भाग टेकलेला असतो आणि निमुळती टोके किंचित अधांतरी राहतात. एका टोकावर दांडू हलकेच पण झटक्याने मारला की ते खाली दबते, दुसरे वर उचलले जाते आणि विटी गरगरत वर उडते. मधल्या भागावर कितीही जोराने मारले तरी ती उडत नाही. नवख्या मुलाला हे सांगून पटत नाही. तो अधिक जोर लावतो आणि विटी मातीत रुतते. काळ्या कसदार जमिनीत, विशेषतः पावसानंतर, हा अनुभव हमखास येतो. म्हणून शिकवण्यासाठी गायरानासारखी टणक, कोरडी जागा निवडणे चांगले.

शिकवण्याचा क्रम

खेळाची सुरुवात कोलण्याने होते. जमिनीत खणलेल्या गल नावाच्या लांबट खड्ड्यावर विटी आडवी ठेवून तिच्याखाली दांडू घालतात व ती पुढे भिरकावतात. यात वेळ साधावी लागत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलालाही कोलणे जमते. त्यानंतर फटका न मारता नुसती विटी उडवण्याचा सराव करावा. दहा वेळा उडवून ती निदान सात-आठ वेळा कमरेपर्यंत येऊ लागली, की मगच टोल्याकडे वळावे.

बेसबॉलमध्ये अगदी लहान मुलांना आधी उभ्या दांडीवर ठेवलेला स्थिर चेंडू मारायला देतात आणि नंतर फेकलेला चेंडू. विटी-दांडूत फेकणारा कोणी नसतो. उडवणारा व मारणारा एकच असल्याने विटी किती उंच जाईल, याचा अंदाज मुलाला आधीच असतो. या दृष्टीने टोला बेसबॉलच्या फटक्यापेक्षा सोपा. मात्र विटी चेंडूसारखी गोल नसून हवेत फिरत असते, त्यामुळे नेम अवघड होतो. विटी वर जाऊन क्षणभर थबकते तेव्हा मारावे. मुले बहुधा त्याआधीच दांडू फिरवतात, किंवा विटी कुठे जाणार हे पाहण्यासाठी मान वर करतात. दांडू विटीला लागेपर्यंत नजर विटीवरच राहिली, तर निम्मे काम होते.

टोल्यासाठी बहुतेक ठिकाणी तीन संधी देतात. सर्वांत लहान भिडूला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो बाद धरला जात नाही. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाशिवाय मुलांनी काढलेली ही सोय फार उपयुक्त आहे, कारण चुकण्याची भीती नसल्याने मूल पुन्हा पुन्हा प्रयत्न करते.

वकट, लेंड, मूंड

विटी गेलेले अंतर दांडूने मोजताना अनेक ठिकाणी वकट, लेंड, मूंड, नाल अशी गणती करतात. शेवटी आलेल्या शब्दावरून पुढचा फटका पायावरून, मुठीवरून की शरीराच्या अन्य भागावरून मारायचा हे ठरते. क्रम गावागणिक बदलतो. हे शब्द तेलुगूतील ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु या अंकांशी जुळतात. हिंगोलीचा भाग 1956 पर्यंत तेलंगणाबरोबर हैदराबाद राज्यात होता, पण हीच गणती महाराष्ट्रात इतरत्रही आढळते. त्यामुळे तिचे मूळ केवळ निजामी राजवटीत शोधता येत नाही.

धोका

या खेळाचा खरा प्रश्न डोळ्यांचा आहे. भारतातील नेत्रतज्ज्ञांच्या अभ्यासांत मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजांचे एक कारण म्हणून गिल्ली-डंड्याची नोंद वारंवार झाली आहे. टोकदार विटी वेगाने येते आणि झेल घेणारी मुले तिच्याकडेच पाहत असतात. टोके बोथट करणे, झेलणाऱ्यांना दूर उभे करणे आणि बघ्यांना मारणाऱ्याच्या मागे व बाजूलाही जवळ येऊ न देणे, एवढे शिक्षकाने सक्तीने पाळावे. हातातून निसटलेला दांडूही तितकाच घातक ठरतो. काही ठिकाणी विटी डोळ्यावर ठेवून मारण्याचा प्रकार आहे. तो लहान मुलांच्या खेळातून वगळलेलाच बरा.

2022 मध्ये केंद्र सरकारच्या भारतीय ज्ञान परंपरा विभागाने शाळांसाठी पुढे आणलेल्या 75 भारतीय खेळांत गिल्ली-डंड्याचाही समावेश आहे. शाळेच्या मैदानावर एका वेळी तीस-चाळीस मुले असतात, तेव्हा गावातली मोकळी पद्धत जशीच्या तशी चालत नाही. एका गलीवर चार-पाच मुलांचा गट आणि दोन गलींमध्ये भरपूर अंतर, अशी मांडणी करावी लागते.