झाकणाआडची चेन

बुलेटची मागची चेन सगळ्यांना दिसते. इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी प्रायमरी चेन मात्र डाव्या झाकणाआड, तेलात फिरत असते. जबलपूरला पोस्टिंग असताना वर्कशॉपमधले एक हवालदारसाहेब तिला ‘अंदरवाली’ म्हणत. सिग्नल्सवाल्यांना वेगळं सांगायला नको, डीआरची, म्हणजे डाक नेणाऱ्या मोटरसायकलस्वाराची, सगळी भिस्त तिच्यावर.

अशी रोलर चेन हॅन्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये पेटंट केली. मोटरसायकलवर आधी चामड्याचे पट्टे असत. पावसात ते घसरत, म्हणून चेन आली. पण चेन झिजते, लांबते आणि ताणावी लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६एच या फौजी गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा होता. पुढची चेन ताणायला तो मागे सरकवायचा. तो सरकला की मागची चेन ढिली पडायची, मग मागचं चाक सोडा आणि सरळ रेषेत बसवा. एका कामाची दोन कामं, तीही बहुधा चिखलात बसून!

१९४९च्या बुलेटमध्ये रेडिचच्या रॉयल एनफिल्डने गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीलाच बोल्टने आवळला. आता अंतर कायमचं ठरलं. चेनखाली एक वाकडी पट्टी आली, स्क्रूने वर-खाली होणारी. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, तेव्हा हीच रचना इकडे आली आणि रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही इथे चालत राहिली. फौजेत बुलेट इतकी टिकली ती तिच्या आवाजामुळे नव्हे, अशा साधेपणामुळे, असं माझं मत आहे.

काम असं. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढायचं (जुन्या बुलेटचा ब्रेक डावीकडे, हे नव्या पोरांना सांगावं लागतं). खाली ट्रे ठेवून मधला एकच मोठा नट सोडायचा, झाकण हातात येतं. मग किक हळूहळू दाबत चेन फिरवायची. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वांत ताठ लागेल तिथेच मोजायचं. मध्यावर साधारण ६ मिलिमीटर खेळ हवा. ढिल्या जागी मोजून ताणली, तर ताठ जागा फिरून आली की इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार पडतो. फार ढिली ठेवली, तर ती आतून झाकणाला घासते.

घाट उतरताना ही चेन तुटली, तर इंजिन आणि चाकाचा संबंधच संपतो. गिअरने गाडी रोखणं बंद, उरतात फक्त ब्रेक. शिवाय हिला जोडकडी नसते. अखंड असल्यामुळे बदलायची तर पुढचं दातेरी चाक आणि क्लच एकत्र बाहेर काढावे लागतात. मागच्या चेनसारखी खिशातली कडी लावून डाक पुढे नेता येत नाही. म्हणून हवालदारसाहेब लांबच्या ड्यूटीआधी गाडी पुसलेली आहे की नाही हे बघत नसत, झाकण उघडलं होतं का एवढंच विचारत.

तेल पातळीच्या स्क्रूपर्यंतच भरायचं. क्लचही त्याच तेलात असतो, जाड तेल घातलं तर प्लेटा चिकटतात. झाकणाची रबरी कड पुसून बसवायची, नट बेताने आवळायचा. जोर लावणाऱ्याच्या हातून झाकण वाकतं आणि गळती सुरू होते. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा. सकाळी तो कोरडा निघाला, की गाडी डीआरच्या ताब्यात.